कंपनीचा ट्रिगर

बनकर भाऊंचं नाव निघालं की मला आधी राग येतो, बाकी सगळं नंतर. परवा एका नव्या मेंबरने सहज विचारलं, "मॅडम, रायफलला बाहेरचा ट्रिगर टाकला तर स्कोअर वाढतो का हो?" मी त्याच्यावर अशी काही खेकसले की बिचारा चहा अर्धा टाकून घरी गेला. त्याची काय चूक? या एका प्रश्नापायी आमच्या क्लबातला सगळ्यात चांगला नेमबाज हातचा गेलाय, हे त्याला कुठून कळणार?

आमचा क्लब म्हणजे नाशिकच्या मखमलाबाद रोडला एका जुन्या गोडाऊनमध्ये केलेली दहा मीटरची रेंज. हवेच्या रायफली, कागदी टार्गेट आणि डोक्यावर पत्रा. एप्रिलमध्ये आत पापड वाळवावेत इतकं तापतं. मी तिथली सेक्रेटरी, म्हणजे कुलूप उघडण्यापासून कॉम्प्रेसरला शिव्या घालण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आता चार नेमबाज जमले की दोन तट पडणारच. रायफल घेतली की तिच्यात कंपनीचा ट्रिगर असतोच, म्हणजे बोटाने ओढायचा तो चाप. एका तटाचं म्हणणं, कंपनीने दिलाय तो उत्तम आहे, त्याच्यावर बोट बसवा. दुसऱ्या तटाचं म्हणणं, छे, तो काढा आणि बाहेरून चांगला हलका, गुळगुळीत ट्रिगर मागवून बसवा. यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढा वेळ सराव केला असता, तर कपाटात चार मेडल तरी दिसली असती.

कंपनीवाल्यांचे पुढारी होते बनकर भाऊ.

भाऊ पिंपळगाव बसवंतचे. तिथे त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस, शेजारी स्वतःचं कोल्ड स्टोरेज. उंचापुरा माणूस, पांढरा शुभ्र शर्ट, खिशात पेन असावं तशी द्राक्षाची कात्री खोचलेली. आवाज असा की पार्किंगमध्ये बोलले तरी आत लाइनवर उभ्या असलेल्याचा नेम हलायचा. क्लबात पहिल्यांदा आले ते बागेतली पाखरं हाकलायला कोणती बंदूक घ्यावी हे विचारायला. मी म्हटलं, "इथे पाखरांना मारत नाहीत. कागदावर मारायचं असेल तर थांबा." थांबले. क्लबची जुनी रायफल हातात दिली, कशी धरायची ते दाखवलं. पहिले एक-दोन छर्रे कुठे गेले ते देवाला माहीत, पण पुढचे पाच अगदी दाटीवाटीने एका जागी. मी टार्गेट हातात घेऊन बघत बसले. भाऊंनी खिशातून द्राक्षाचा एक मणी काढला, त्या भोकांवर ठेवला आणि म्हणाले, "झाकली बघा सगळी." त्या दिवसापासून ते गेलेच नाहीत. पाखरांचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही.

त्यांची एक सवय होती. हंगामात दर रविवारी द्राक्षांची पेटी घेऊन यायचे, पण कुणाला थेट हात घालू द्यायचे नाहीत. आधी स्वतः एकेक घड उचलायचे, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात मणी धरून अलगद दाबायचे. डोळे मिटलेले. "हा आज खा. हा चार दिवस राहील. हा बोटीत बसून परदेशात जाईल आणि तिकडं पण कुरकुरीत लागेल." आम्ही हसायचो. मी एकदा मुद्दाम त्यांनी 'आजच खा' म्हटलेला घड घरी फ्रिजमध्ये ठेवला, तर तिसऱ्या दिवशी खाली पाणी सुटलेलं. सांगितलं तर भाऊ असे फुशारले की विचारू नका. "डोळं फसवतं मॅडम. बोट नाय फसवत."

हेच वाक्य ते ट्रिगरच्या भांडणातही ठोकून द्यायचे. समोरच्या तटाचे म्होरके होते कुलथे, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर. कुलथ्यांना कुठलीच वस्तू आहे तशी बघवत नाही. स्वतःच्या स्कूटरचा आरसासुद्धा त्यांनी बदललेला. त्यांनी रायफलला बाहेरून मागवलेला ट्रिगर बसवला आणि रविवारी सगळ्यांना दाखवत सुटले. भाऊंनी तो ओढून बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "कुलथे साहेब, ज्या कंपनीनं बंदूक बनवली तिनं ट्रिगर काय झोपेत बनवला का?"

"भाऊ, कंपनी सगळ्यांसाठी एकच बनवते. मला माझ्या बोटाचा पाहिजे."

"मग बोट त्याच्या मापाचं करा ना राव!"

आणि मग ती गंमत केली, जी अजूनही क्लबात सांगतात. द्राक्षाचा मणी दातांनी अर्धा तोडला, सपाट बाजू खाली करून आपल्या रायफलीच्या नळीवर टोकाला ठेवला, आणि रिकाम्या रायफलीचा तो कंपनीचा ट्रिगर सावकाश ओढला. टक्. मणी जागचा हलला नाही. पुन्हा टक्. पुन्हा नाही. "आता तुम्ही, तुमच्या महागाच्या ट्रिगरनं," असं म्हणून कुलथ्यांकडे बघितलं. कुलथ्यांचा मणी पहिल्याच टक् आवाजाला खाली पडला आणि भाऊंनी तो उचलून, पुसून, खाऊन टाकला. कुलथे आठवडाभर माझ्याशी पण बोलत नव्हते. मी काय केलं होतं कुणास ठाऊक.

भाऊंना एकच गोष्ट हवी होती. राज्य स्पर्धेत एकदा उभं राहायचं. "मेडल नको मला, ते तुम्ही घ्या," म्हणायचे. "मी नुसता त्या लाइनवर उभा असंन, आणि स्पीकरवर नाव आलं पाहिजे. बनकर, पिंपळगाव बसवंत. एवढं ऐकलं की घरी जाईन." ज्येष्ठांच्या गटातून आमच्या क्लबातलं कुणी तिथवर गेलेलं नव्हतं. पहिल्या निवड स्पर्धेत भाऊंचं अगदी थोडक्यात हुकलं. तरी कुणावर खापर फोडलं नाही, कंपनीच्या ट्रिगरवर तर नाहीच. "घाई केली मी," एवढंच म्हणाले. तेव्हा मला या माणसाचा फार अभिमान वाटला होता. म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

पावसाळ्यानंतर एका रविवारी भाऊ आले ते हातात एक पुडकं घेऊन. उघडलं तर आत नवा कोरा ट्रिगर, बाहेरचा.

मला वाटलं चेष्टा आहे. कुलथ्यांना वाटलं दिवाळी आहे. ते शेजारच्या हॉटेलातून पेढे घेऊन आले. "भाऊंनी पार्टी बदलली!" असा सगळा दंगा. भाऊ हसले, पण नेहमीसारखं नाही. मी विचारलं, "काय हो, कंपनी झोपली का?"

"जड झालाय तो."

"जड झालाय म्हणजे? लोखंड आहे ते, त्याचं वजन वाढतं का?"

"झालाय मॅडम. तुम्हाला नाय कळायचं."

मी ओढून बघितला. होता तसाच होता. कुलथ्यांकडे ट्रिगर तोलायचा छोटा काटा आहे, त्यांनी लावून बघितला. काट्याने सांगितलं की काडीचाही फरक नाही. भाऊ म्हणाले, "काटा खोटा हाय." कुलथ्यांचा काटा खोटा! त्या माणसाने काटा धुऊन-पुसून डबीत ठेवून दिला आणि मला म्हणाला, "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू?

मग सुरू झालं ते. पहिला बाहेरचा ट्रिगर दिवाळीपर्यंत चालला. मग तो 'अडकतो' म्हणून काढला. दुसरा 'पोकळ लागतो' म्हणून काढला. तिसऱ्याला काय झालं होतं ते त्यांनाही सांगता येईना, नुसतं "कळत नाय ओ, कळतच नाय" करायचे. काढलेले सगळे ट्रिगर एका बिस्किटाच्या डब्यात. आले की रायफल आधी टेबलावर उताणी, कुलथे पान्याने खुडबुड करतायत, भाऊ शेजारी उभे. दुपार उलटून जायची, छर्रा एक उडालेला नसायचा. कुलथे, ज्यांनी स्कूटरचा आरसा सोडला नाही, ते कुलथे एक दिवस हात जोडून म्हणाले, "भाऊ, बास करा. मला पण आता कंपनीचा आवडायला लागलाय."

हंगाम आला तशी द्राक्षांची पेटी पण आली. पण आता भाऊ ती टेबलावर ठेवून बाजूला व्हायचे. "घ्या तुम्हीच." मणी दाबून बघणं नाही, डोळे मिटणं नाही, बोटीत बसणं नाही. खिशातली कात्रीही दिसेना. मी मनात म्हटलं, बघा, एका ट्रिगरच्या नादात माणूस किती तिरसट झाला.

पुढच्या निवड स्पर्धेचा दिवस. चौथा ट्रिगर बसवलेला, इतका हलका की नुसतं बोट टेकवलं तरी सुटेल. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, "भाऊ, हा ट्रिगर घेऊन लाइनवर जाऊ नका. क्लबची रायफल घ्या, कंपनीच्या ट्रिगरची. तुम्ही पहिल्या दिवशी धरली होती ती." ऐकतील तर शपथ. लाइनवर उभे राहिले, स्टार्ट झालं, रायफल उचलली. गाल अजून टेकलाही नव्हता, आणि फट्. छर्रा टार्गेटच्या खाली, लाकडी चौकटीत. भोपळा. पहिलाच शॉट.

एखादा माणूस अशा वेळी रायफलकडे बघेल. भाऊ आपल्या बोटाकडे बघत होते. तोंडासमोर हात धरून, एखादी वस्तू कुणाची आहे हे ओळखू येत नसावं तसं. मग त्यांनी रायफल खाली ठेवली, पंचांना मान हलवून सांगितलं आणि लाइन सोडून बाहेर आले. बाकी सगळे शॉट शिल्लक असताना.

मी पार्किंगमध्ये गाठलं. माझं डोकं असं फिरलं होतं की समोर कोण उभं आहे ते मला दिसत नव्हतं. "काय लावलंय हे? इतके महिने नुसतं ट्रिगर, ट्रिगर, ट्रिगर! जगात कुणाला बोटं नाहीत का? कंपनीचा जड, बाहेरचा पोकळ, काटा खोटा, सगळं जग खोटं, तुम्ही तेवढे खरे! उभं राहायचं होतं ना राज्याला? मग निदान इथे तरी उभं राहायचंत शेवटपर्यंत!"

"खरंय मॅडम," भाऊ म्हणाले, डाव्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि गेले. पुढे बरेच रविवार आलेच नाहीत. फोन केला की वहिनी उचलायच्या आणि म्हणायच्या, "कामात हायत."

चैत्रात मी वणीला गडावर गेले होते जाऊबाईंना घेऊन. येताना मी गाडी पिंपळगावला वळवायला लावली. म्हटलं, एकदा तोंडावर विचारून येऊ, की यायचंय का नाही. पॅकहाऊसमध्ये हंगाम संपत आलेला. लांब टेबलांवर बायका घडांतले खराब मणी काढत होत्या, कात्र्यांचा कचकच आवाज, आत गारठा. भाऊ एका खुर्चीवर बसलेले. मला बघून उठले, खुश झाले, "या या, चहा सांगतो," आणि बोलता बोलता सवयीने शेजारच्या क्रेटमधला एक मणी उचलला. अंगठा आणि पहिलं बोट.

मणी फुटला. रस मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेला. आणि भाऊ माझ्याशी बोलतच होते. गडावर गर्दी होती का, दर्शन नीट झालं का. त्यांना कळलंच नव्हतं की मणी फुटलाय.

वहिनी आल्या, पदराने त्यांचा हात पुसला, चिमटीतली साल काढून टाकली. लेकराचा हात पुसावा तसा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगा ना मॅडमला. का मी सांगू?"

भाऊ ओली बाही झटकत राहिले. शेवटी वहिनींनीच सांगितलं. मनगटातली नस दाबली गेली होती. आयुष्यभर कात्री चालवून चालवून. रात्री बोटांना मुंग्या यायच्या, झोपेतून उठून हात झटकायचे. मग बोटं बधिर व्हायला लागली. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या. "मी म्हनते दवाखान्यात चला, तर हे म्हनतात, हाताला काय नाय झालं, ट्रिगर खराब हाय. ताई, शर्टाच्या बटनाला कुठं ट्रिगर असतो का हो?"

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी आला असतात तर छोटं ऑपरेशन होतं म्हनतो," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. "महिन्याभरात मोकळे. आता नस सुकलीय. ऑपरेशन करू, मुंग्या थांबतील. पन बोटाची जान परत येईल का नाय, नाय सांगता येत."

तिथे बायका काम करत होत्या, जाऊबाई होत्या, तरी मी ओरडले. "अहो, चार-चार ट्रिगर बदललेत तुम्ही! एक दवाखान्याची पायरी नाही चढता आली? अंगावर काढायचं हे दुखणं आहे का? आणि मला सांगायला काय झालं होतं? मी पार्किंगमध्ये एवढी बोंबलत होते, तेव्हा तरी तोंड उघडायचं!" कात्र्या थांबल्या सगळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला.

भाऊ म्हणाले, "मॅडम, ट्रिगर खराब हाय म्हनलं की नवा मागवता येतो. बोट खराब हाय म्हनल्यावर काय मागवायचं?"

मी चहा प्यायले. येताना वहिनींनी पेटी दिली, ती मी नाशिक येईपर्यंत गाडीत मांडीवर घेऊन बसले. कुलथ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मी काटा लावला होता हो. काटा बरोबर होता, हे मला माहीत होतं. पुढचा विचारच आला नाही." कसा येणार? आमच्या धंद्यात स्कोअर पडला की माणसं आधी रायफल उघडतात. बोट कोण उघडून बघतो?

ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या. बोटाची जाण आली नाही.

मग एक दिवस, रविवार नसताना, भाऊ आले. मनगटावर बारीकशी खूण, शर्ट तसाच पांढरा. काखेत बिस्किटाचा डबा. कुलथ्यांना त्यांनीच बोलावून घेतलं होतं. डब्याच्या तळातून फडक्यात बांधलेली पुरचुंडी काढली. त्यात तो पहिला, कंपनीचा ट्रिगर होता. तेल लावून, नीट जपून ठेवलेला. "बसवा हा," कुलथ्यांना म्हणाले. "बारीक स्क्रू हायत, माझ्या चिमटीत येत नायत." कुलथ्यांनी बसवला. एरवी हा माणूस काम करताना अखंड बडबडतो, त्या दिवशी नुसता पान्याचा आवाज.

भाऊंनी रिकामी रायफल उचलली, खांद्याला लावली. पायांची ठेवण तीच, गाल टेकवणं तेच, श्वास सोडणं तेच. बोट ट्रिगरवर आहे की नाही हे त्यांनी खाली वाकून डोळ्यांनी बघितलं. मग ओढला. टक् झालं. ते तसेच उभे राहिले, आणखी काहीतरी होईल याची वाट बघत असल्यासारखे.

रायफल माझ्यासमोर धरली. "तुम्ही बघा मॅडम. खरं सांगा. जड हाय का?"

मी ओढला. काय सांगू! लोण्यातून सुरी जावी तसा आला तो ट्रिगर. बोटाखाली कळतं आधी थोडं, मग थांबतो, मग सुटतो, असा नेमका, असा गुणी ट्रिगर मी आयुष्यात ओढला नव्हता. एवढी वर्षं हा माणूस जे सांगत होता ते सगळं खरं होतं. कंपनी झोपेत नव्हती. कुलथे पान्याकडे बघत होते.

"जड आहे," मी म्हटलं.

"किती?"

"बराच आहे हो. मला दोन बोटं लावावीशी वाटली."

भाऊ कुलथ्यांकडे वळले. "बघा साहेब. मी म्हनत नव्हतो?"

"खरंय भाऊ," कुलथे म्हणाले. "काटाच खोटा होता माझा."

"मग बरोबर." भाऊंनी रायफल टेबलावर ठेवली. "क्लबाला राहू द्या ही. कुनाला तरी राज्याला न्या हिच्यावर. ट्रिगर बदलू देऊ नका फक्त." मी हो म्हटलं. ते डबा न घेताच निघाले. मी दारापर्यंत गेले.

गेटपाशी जाऊन भाऊ थांबले आणि मागे वळून, पूर्वीच्या त्या पार्किंगभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आज ओरडला नाय तुम्ही माझ्यावर!"

म्हणजे कळलं होतं त्यांना. सगळं कळलं होतं.

"गेट लावून घ्या आधी!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "कुत्री शिरतात आत!"

त्यांनी हसत मान हलवली, आणि डाव्या हाताने कडी लावून घेतली.